मामाने आणलेली काजळी

बेला, जि. आदिलाबाद
मे १९९९, बुधवार, सकाळ

आदरणीय भाऊजी उद्धवराव यांना, मेव्हणा महिपत याचा सप्रेम जयभीम.

पत्र हातात पडताच एक काम करा. बाळ जवळ असेल तर त्याच्या डोळ्यांकडे पाहा. लाल दिसतात का? पाणी येतं का? सारखा मुठीने चोळतो का? यातलं काही नसेल तर निवांत बसून पुढे वाचा. असेल तरी वाचाच, पण उभ्याने वाचा आणि चप्पल पायातच राहू द्या. ताईची तब्येत बरी असेल, बसच्या प्रवासाने तिची कंबर धरली नसेल, तुमच्या आईंचे गुडघे या उन्हाळ्यात तरी थोडे सैल झाले असतील, मुधोळला नळाला पाणी येत असेल, अशी आशा करतो. (खरं सांगायचं तर गुडघ्यांची आणि नळाची आशा मी आत्ता, लिहिता लिहिता केली. कालपासून मला फक्त डोळे दिसताहेत. जेवायला बसलो तर वरणातली मोहरीसुद्धा माझ्याकडे टक लावून पाहते.)

काय झालं ते थोडक्यात सांगतो. (मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लग्नात मी आभार मानायला उभा राहिलो आणि पंगतीतलं वरण गार झालं, हे तुम्ही अजून प्रत्येक पाहुण्याला सांगता.) माझ्या संशोधनाचा माल, म्हणजे ज्या चिमूटभर काळ्या पुडीवर माझी पीएच.डी. उभी राहायची आहे ती पूड, हैदराबादहून नागपूरला नेताना मी नामकरणासाठी बेल्याला उतरलो. ती पूड आईने काजळ म्हणून ताईच्या डबीत भरली आणि डबी तुमच्यासोबत मुधोळला गेली. तेव्हा माझी दोन वर्षांची मेहनत सध्या तुमच्या मुलाच्या डोळ्यांत आहे. परवा शुक्रवारी नागपूरच्या एका संस्थेत त्यांचं लेसरचं यंत्र मला वापरायला मिळणार आहे. ही पाळी चुकली तर पुढची कधी येईल ते त्या संस्थेच्या साहेबांनाही सांगता येत नाही. पूड परत मिळाली नाही तर शुक्रवारी त्या लेसरसमोर मला स्वतःलाच उभं राहावं लागेल.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई होती तर फोन का नाही केला. केला. तुमच्या शाळेचा फोन मी काल दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वाजवला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि फोनच्या खोलीची किल्ली शिपायासोबत त्याच्या सासुरवाडीला गेली आहे, हे मला शेवटी एसटीडीवाल्याने सांगितलं. (त्याला कसं माहीत ते विचारू नका. बेल्यात बसून मुधोळच्या किल्ल्या कुठे आहेत हे ज्याला कळतं त्यानेच खरं तर संशोधन करायला हवं.) म्हणून हे पत्र डोमाजींबरोबर पाठवतो. ते लेकीला भेटायला तुमच्याच गावी निघाले आहेत, आत्ता आमच्या ओट्यावर चहा पीत बसले आहेत. आदिलाबादची बस नेहमीसारखी उशिरा येईल, तोवर सगळं नीट लिहून काढतो. अर्धवट लिहिलं तर तुमचा गैरसमज व्हायचा, आणि तुम्ही चिडलात की आधी व्याकरण शुद्ध करता आणि मग बोलता, त्याची मला फार भीती वाटते.

आता ती पूड म्हणजे काय. नामकरणाच्या दिवशी तुम्ही विचारलं होतं आणि मी सांगायला लागलो तेवढ्यात पाळण्याची दोरी तुटली, ते राहूनच गेलं. तो पुठ्ठ्याचा गॉगल आठवतो ना, मी बाळाला भेट म्हणून दिलेला? हैदराबादच्या टॉकीजमध्ये वस्तू अंगावर येतात असा सिनेमा लागला होता, त्याचा. (दोन महिन्यांच्या भाच्याला मामाने सिनेमाचा फुकटचा गॉगल द्यावा, यावर तुमच्याकडच्या बायका काय म्हणाल्या ते माझ्या कानावर आलं आहे.) त्याच्या दोन काचा कापून एकीवर एक धरल्या आणि एक फिरवत गेलं की मधेच पार अंधार होतो, हे मी तुम्हाला दाखवलं आणि तुम्ही ‘पुन्हा करा’ म्हणालात. उजेड हा सगळ्या बाजूंनी डोलत येतो. ती काच त्यातला एकाच बाजूने डोलणारा उजेड सोडते. खिडकीच्या गजांतून पापड उभा धरला तर जातो, आडवा धरला तर अडतो, तसंच. असा एकाच बाजूने डोलणारा उजेड आम्ही त्या पुडीवर टाकतो. पुडीचा एकेक कण म्हणजे कार्बनच्या नळ्यांचा झुबका. नळी इतकी बारीक की बाळाच्या जावळातला एक केस तिच्यापुढे ताडाचं खोड वाटावा. आणि त्या नळ्यांच्या आत, तुरीच्या शेंगेत दाणे असतात तसे, अंड्यासारखे लांबट रेणू ओळीने कोंडलेले आहेत. ते आत आडवे पडले आहेत की उभे अडकले आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे. काच फिरवत परत येणारा उजेड मोजला की ते कळतं, असं आम्ही समजतो. हे मी मागे एकदा आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, ‘आडवेच असतीन. उभ्यानं कोन झोपते?’ आमच्या सरांचं मतही तेच आहे, पण सरांना पुरावा लागतो.

या नळ्या आपल्याकडे मिळत नाहीत. एका परदेशी प्राध्यापकांनी आमच्या सरांच्या ओळखीवर चिमूटभर पाठवल्या. त्यांच्यात रेणू कोंडण्याचं काम मी केलं. तापवायचं, थांबायचं, धुवायचं, पुन्हा तापवायचं. तीनदा बिघडलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा सर स्वतः कॅन्टीनमध्ये जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले, जे त्यांनी आजवर कुणासाठीही केलेलं नाही. तेवढा सगळा माल एका इंजेक्शनच्या बाटलीत, बुडाशी जेमतेम डाग पडावा इतका होता. बाटली रुमालात, रुमाल खिशात आणि हात खिशावर, असा मी हैदराबादहून निघालो. निजामाबाद गेलं तरी हात निघेना. शेजारच्याला वाटलं मला छातीत कळ येते आहे. त्याने खिडकीची जागा दिली आणि घरी कोण कोण आहे ते विचारायला लागला. निर्मलला बस थांबली तेव्हा मी बाटली काढून उजेडात धरून पाहिली, आणि समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने तळहात पुढे केला. ‘बाबू, चिमूटभर मिसरी दे ना रे. दात लय ठनकून राह्यले.’ मी म्हटलं, आजी, ही मिसरी नाही. ती म्हणाली, ‘मंग एवढी जपून काऊन धरली?’ तिला वाटलं मी कंजूस आहे. आदिलाबादपर्यंत ती मागच्या बाईला माझ्या पिढीबद्दल सांगत होती. ज्या वस्तूसाठी सर चहा आणून देतात ती इथे दातांना लावायच्या लायकीची दिसते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी आलो तर मांडव पडलेला, पाहुणे भरलेले. बाटली ठेवायची कुठे? पेटीत ठेवली तर पेटीवर पोरं बसलेली. फडताळात ठेवावी तर तिथे बायकांची ये-जा. खिशातच ठेवावी तर त्या उन्हात शर्ट घामाने भिजून गेलेला आणि आई तो ओढून काढायला उभी. शेवटी मी बाटली तिच्याच हातात दिली. आणि भाऊजी, मी काय बोललो ते मला शब्दनशब्द आठवतं, कारण कालपासून मी तेच आठवतो आहे. मी म्हणालो, ‘आई, हे जपून ठेव. सोन्याहून महाग आहे. एवढी शुद्ध काजळी अख्ख्या जिल्ह्यात नाही.’ मला तिला सोप्या भाषेत सांगायचं होतं. (सोप्या भाषेत सांगण्यावरून मला मागच्या वर्षी एक बक्षीसही मिळालं आहे.) ती बाटलीकडे पाहून हसली. इतकी गोड हसली की मला वाटलं, चला, आईला आपलं संशोधन कळलं.

तिला काय कळलं ते आता ऐका. मामा भाच्याच्या नामकरणाला आला. त्याच्या हातात झबलं नाही, कडं नाही, वाळा नाही. गॉगल त्याने तुमच्या हातात दिला, तो काही तिने भेटीत धरला नाही. मग मामाने आणलं काय? तर इवलीशी काचेची बाटली, जपून रुमालात बांधलेली, आणि आल्या आल्या आजीच्या हातात दिलेली. चारचौघांत न देता हळूच का दिली? तर जावयाला काजळ-तीट चालत नाही म्हणून. तिने सगळं बरोबर जुळवलं, भाऊजी. माझ्या प्रयोगाच्या आकड्यांनीही माझ्याशी कधी इतकं बरोबर जुळवून घेतलेलं नाही.

आता इथे मला तुमची एक गोष्ट तुम्हालाच सांगावी लागते. मागे तुम्ही घरात सगळ्यांना बसवून नजर लागणे हा कसा भ्रम आहे यावर बोललात, बाळाच्या गालावर काळा ठिपका दिसला तर मला चालणार नाही असं म्हणालात, आणि आईने मान डोलावली. ती मान खोटी होती. म्हणजे नजरेवर तिचाही फारसा विश्वास नाही (बाबांनी तो तिच्या डोक्यातून केव्हाच काढला होता), पण काजळ घातलं की बाळाचे डोळे टपोरे दिसतात, आणि नातवाचे डोळे टपोरे दिसावेत एवढी तिची इच्छा आहे. पण घरात काजळ धरायचं म्हणजे तेलाचा दिवा लावायचा, त्यावर ताट उपडं घालायचं, आणि जळकट वास बाहेरच्या खोलीपर्यंत जायचा. बाहेरच्या खोलीत तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसलेले. अशा वेळी मुलगा आयतं, बिनवासाचं काजळ घेऊन आला. तिने काय करायचं होतं?

तुम्ही सगळे काल सकाळी गेलात. दुपारी मी नागपूरसाठी पिशवी भरायला घेतली आणि आईला म्हटलं, माझी बाटली दे. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, ‘मांडनीवर हाय पाहाय.’ मांडणीवर बाटली होती. धुतलेली. कपबशांच्या ओळीत उपडी ठेवलेली, स्वच्छ, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. माझ्या आयुष्यात इतकी स्वच्छ बाटली मी पाहिलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तीन-तीन आम्लांत बुडवूनही काच इतकी स्वच्छ होत नाही. मी कसंबसं विचारलं, ‘यातलं काळं कुठंय?’ ती म्हणाली, ‘एरंडेलात खललं अन् ताईच्या डबीत भरलं. बाळासाठीच आनलं होतं ना तू?’ पुढचं मी ऐकलंच नाही. मला वाटतं मी किंचाळलो. काय किंचाळलो ते शेजारच्यांना विचारावं लागेल. मग मी चपला न घालता एसटीडीकडे पळालो, डांबर इतकं तापलं होतं की तिथे पोचेपर्यंत मी नाचत होतो, आणि लोक बाजूला होऊन पाहत होते.

रात्री झोप आली नाही. बाहेर बाजेवर पडून मी नुसता हिशेब करत होतो की एरंडेलात खललेल्या नळ्या परत धुऊन निघतात का. निघतात, असं माझं मत आहे. बाळाच्या डोळ्यांत गेलेल्या निघतात का, यावर मला मत नाही. मग वाटलं, सरांना कोणत्या तोंडाने सांगू? ते परदेशी प्राध्यापकांना काय लिहितील? ‘आपला माल आमच्या विद्यार्थ्याच्या भाच्याला फार शोभून दिसला’? गावात पहिल्यांदाच कुणी एवढं शिकतोय म्हणून बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी माझा हार घालून फोटो काढला होता. तो फोटो भिंतीवर आहे. काल रात्री मी तो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

आईवर रागावू नका. काजळाचं मी तुम्हाला सांगितलं हेही तिला कळू देऊ नका. ताईला तर काही बोलूच नका. तिला ठाऊक असेलच, पण ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक नाही असं तिला वाटू द्या. तुमच्या आईंना माझा जयभीम, ताईला नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद आणि (लांबून) पापे.

आपला
महिपत

ता. क. बस अजून आलेली नाही, म्हणून खरी विनंती आता लिहितो. वर लिहायला धीर होत नव्हता. ताईची डबी ताबडतोब ताब्यात घ्या आणि डोमाजी उद्या परत निघतील त्यांच्याजवळ द्या. झाकण दोऱ्याने बांधा. डबीला आतून बोट लावू नका. बाळाच्या डोळ्यांत असेल ते काजळ स्वच्छ कापसाने, नाकाकडून कानाकडे असं एकाच दिशेने टिपून घ्या आणि तो कापूस कोऱ्या कागदात बांधा. डाव्या डोळ्याची पुडी वेगळी, उजव्याची वेगळी. पुड्यांवर पेन्सिलीने लिहा, शाई फुटते. गालावर, कपाळावर, तळपायाला कुठे ठिपका असेल तर त्याचीही पुडी करा. उशीवर पुसलं गेलं असेल तर अभ्रा पाठवा. ताईच्या पदराला लागलं असेल तर तिला न दुखावता तेवढा पदर कापता येतो का पाहा. मी नवं लुगडं घेऊन देईन. हे सारं शुक्रवारच्या आत व्हायला हवं. तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून हे मी तुम्हाला मोकळेपणाने लिहू शकतो, दुसऱ्या कुणा भाऊजीला लिहिलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

ता. क. दुसरा. एसटीडीचं दुकान उघडलं. जाऊन सरांना फोन केला. सगळं एका दमात सांगितलं आणि शिव्यांची वाट पाहत डोळे मिटून उभा राहिलो. सर म्हणाले, ‘बच्चे के आँख में गया क्या?’ मी म्हटलं, सर, शुक्रवारची पाळी. ते म्हणाले, ‘पाळी छोड़ो. आँख में गया क्या, वो बोलो.’ मी म्हटलं, गेलं असणार. तेव्हा ते म्हणाले की या नळ्या अंगात गेल्यावर काय करतात हे अजून कुणालाच माहीत नाही, कुणी नीट पाहिलेलंच नाही. कुसळासारख्या बारीक आणि टोकदार आहेत, रुतत असतील किंवा नसतीलही, पण माझ्या नातवाच्या डोळ्यांत मी त्या एक क्षण राहू दिल्या नसत्या, असं म्हणाले आणि फोन ठेवला.

भाऊजी, वरचा ता. क. वाचू नका. वाचला असेल तर विसरा. तुमच्या मुलाचे डोळे मी डावी पुडी, उजवी पुडी करून मागितले, याची मला इतकी लाज वाटते की कागद फाडणार होतो, पण डोमाजी उठून उभे राहिले आहेत आणि दुसरा कागद नाही. डबी फेकून द्या. बाळाचे डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, हळू, पुन्हा पुन्हा धुवा, आणि तसेच भैंशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. त्यांना माझं नाव सांगा, बाटलीत काय होतं ते सांगा. फी मी पाठवतो. काहीही झालं तरी मला कळवा. नागपूरला मी जात नाही.

ता. क. तिसरा, आणि हा आधी वाचायला हवा होता. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता म्हणून आईकडे भाताची चार शितं मागायला आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, शितं दे. तिने न वळता हात मागे केला. मी म्हटलं, इकडे बघ ना. ती बघेना. तेव्हा मी समोर जाऊन बसलो आणि तिचा तोंडावर ओढलेला पदर बाजूला केला. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला आहे. पापणी लालभडक आहे, कडेने पाणी वाहतं आहे, उजेड लागला की ती तोंड फिरवते.

मी विचारलं, हे काय झालं? तर म्हणाली, ‘काई नाई. लेकराले लावाच्या आंधी माय आपल्या डोळ्यात घालून पाह्यते. नवं काजळ असंच देते का कोनी?’ तिने डबी भरली, आणि ताईला द्यायच्या आधी एक बोट स्वतःच्या डोळ्यात घातलं. चरचरलं. मग तिने डबीतलं सगळं चुलीत टाकलं, डबी राखेने घासली, आणि स्वतःच्या पेटीतलं जुनं, तिने कधीतरी धरून ठेवलेलं काजळ भरून दिलं. ‘शहरातलं भेसळीचं निघालं, पोराले कोनी फसवलं’ असं तिला वाटलं. मी म्हटलं, मग काल सांगितलं काऊन नाई? ती म्हणाली, ‘तू इचारलं काळं कुठी हाय, तर डबीत भरलं म्हनलं. मंग काढलं बी, थे सांगत होती तं तू पयाला. माघारी आला तं तोंड पाडून. तू एवढ्या हौसेनं आनलं अन् म्या चुलीत टाकलं, कसं सांगू?’

तर बाळ चांगला आहे, भाऊजी. त्याच्या डोळ्यांत तिचंच काजळ आहे. भैंशाला जायची गरज नाही. माझे रेणू आडवे होते की उभे, ते चुलीत गेले, आणि खरं सांगतो, मला आत्ता त्याचं काहीच वाटत नाही. कालपासून मी याच घरात जेवतोय, झोपतोय, तिच्या हातचा चहा पितोय, आणि तिच्या तोंडाकडे मी एकदाही पाहिलेलं नाही.

ती डॉक्टरकडे यायला तयार नाही. आदिलाबादला चल म्हटलं तर म्हणते, आपोआप उतरंल. पाणी शिंपडलं की बस. डॉक्टर विचारतील काय घातलं, मग काजळाचं निघेल, मग जावयाला कळेल, याची तिला डोळ्यापेक्षा जास्त भीती आहे. माझं ती ऐकत नाही. ताईचंही ऐकणार नाही. पण जावयाचा शब्द तिने आजवर मोडलेला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा मिळेल त्या बसने तुम्हीच या. तुमची नजरेवरची भाषणं या खेपेस राहू द्या. नुसतं ‘आई, चला’ म्हणा, ती उठेल.

बस आली. डोमाजी हाका मारताहेत. आई आतून विचारते आहे, ‘एवढं काय लिवून राह्यला रे जावयाले?’ मी सांगितलं, इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहिलंय. तिला बरं वाटलं.

तसं नाही, भाऊजी. या.